ऐकलेली वाक्यं

४ जानेवारी

आज मला शब्द मिळाला.

आमच्या कोशाच्या कचेरीत नव्या माणसाला आधी चिठ्ठ्या लावायला बसवतात आणि मग एक शब्द देतात. इंग्रजीतला, रोजच्या वापरातला, दिसायला साधा. तो पुरा होईपर्यंत दुसरं काम नाही. शब्द मिळाला की तुमचं नाव जातं. माझ्या समोरच्या टेबलावरच्या बाई ‘सेट’ आहेत. गेली तीन वर्षं त्या ‘सेट’ आहेत. चहावालासुद्धा “सेटबाईंचा बिनसाखरेचा” म्हणून कप ठेवतो. कोपऱ्यातलं रिकामं टेबल ‘पुट’चं. ते कंटाळून विमा विकायला गेले.

सरांनी माझ्यापुढे खोकं ठेवलं. त्यावर खडूने लिहिलं होतं: रन.

“सोपा वाटतोय?”

“हो सर. धावणे.”

सेटबाई पेन्सिल तोंडात धरून हसल्या. “सर, काही बोलू नका. आठवडाभर तरी सुखात राहू द्या तिला.”

हसू देत. हा कोश ज्यांच्या घरी इंग्रजी बोलणारं कुणी नाही अशा मुलांसाठी आहे. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या माझ्यासाठी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि त्या पायरीवर मी किती वेळा अडखळले ते मलाच माहीत. हा शब्द मी असा मांडीन की कुणी अडखळणार नाही. ‘रन’ म्हणून हाक मारतील तर मारोत.

९ जानेवारी

सरांचा नियम एकच आहे. उदाहरणाचं वाक्य रचायचं नाही, ऐकायचं. मी पहिल्यांदा ‘घोडा वेगाने धावतो’ असं लिहून दिलं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“घोडा शेवटचा कधी पाहिलात?”

“चित्रात, सर.”

“मग चित्रांतल्या घोड्यांसाठी वेगळा कोश काढू कधीतरी.”

तर आता लोक मराठीत बोलतात ते कान देऊन ऐकायचं. एखादं वाक्य इंग्रजीत नेताना तिथे ‘रन’ लागला, की ते चिठ्ठीवर घ्यायचं आणि चिठ्ठी त्या अर्थाच्या कप्प्यात टाकायची. नळ वाहतो, दुकान चालतं, नव्या कपड्याचा रंग सुटतो, मोज्याचा धागा उसवत जातो, दूध संपतं, उशीर होतो. तिकडे या सगळ्याला एकटा रन पुरतो. आपला माणूस निवडणुकीला उभा राहतो, त्यांचा निवडणुकीला धावतो. हे ऐकून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “म्हणून त्यांचे निवडून येत असतील. आपले उभेच!”

बाबा बस चालवतात. त्यांना एका शब्दावर पगार मिळतो हे अजून पटत नाही. “तीन वर्षं एक शब्द? तेवढ्यात मी चार मार्ग बदलले.”

मी सगळ्यांना सांगून टाकलं आहे, आपापलं नेहमीसारखं बोला. तेव्हापासून कुणी नेहमीसारखं बोलत नाही. आई लॉन्ड्रीतलं इस्त्रीचं काम संपवून आली की मुद्दाम म्हणते, “आज पाय नुसते धाव धाव धावले गं.” धाकटी म्हणते, “ताई, मला जांभई आली. ही कुठल्या कप्प्यात?”

१७ जानेवारी

आज मला रडू आलं, पण चांगलं.

बाबा संध्याकाळी ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर कंडक्टरकाकांच्या हातची इंग्रजी अक्षरं होती. काका मी शाळेत होते तेव्हापासून बाबांच्या गाडीवर आहेत, घरातलेच म्हणायचे. वर एकच मोठं अक्षर, त्याखाली दोन, मग तीन, आणि खाली खाली बारीक होत गेलेली.

“हे वाचून दाखव. पाठ करायचंय.”

“बाबा, तुम्हाला इंग्रजी शिकायचंय?”

त्यांनी कागदाची घडी सरळ केली. “हो. तू एवढं करतेस, तर मला निदान अक्षरं तरी.”

मी म्हटलं, मग पहिल्यापासून शिकू, ए-बी-सी-डी. हा क्रम चुकीचा आहे. “मला हाच क्रम हवा,” ते जरा चिडूनच म्हणाले. माणूस या वयात शिकायला बसला की हट्टी होतो. मी वाद घातला नाही. मी एकेक ओळ वाचत गेले आणि ते डोळे मिटून म्हणत गेले. मी पाढे पाठ करायचे ते असेच.

दिवसभर गाडी चालवून दमलेला माणूस संध्याकाळी माझ्यापुढे विद्यार्थी होऊन बसला. आई ओट्याशी पाठ करून उभी होती. तिला वळून बघवलं नसावं.

२ फेब्रुवारी

बाबांकडून फार चांगली वाक्यं मिळत आहेत. आज पेपर बाजूला टाकून म्हणाले, “अक्षरं एकमेकांत शिरतात च्यायला.” नेमका रन! रेषा, रंग, अक्षरं एकमेकांत मिसळतात तो अर्थ. त्या कप्प्यात माझ्याकडे एकही चिठ्ठी नव्हती. (‘च्यायला’ गाळलं.) परवा म्हणाले, “डोळ्यांतून सारखं पाणी वाहतंय.” तोही कप्पा भरला.

सकाळी म्हणाले, “धुक्यात गाडी काढायची म्हणजे जिवावर येतं.”

धाकटी म्हणाली, “कसलं धुकं? ऊन पडलंय की.”

“पहाटे होतं.”

याचा मला उपयोग नाही.

कचेरीत दिवस फार लांबतात. खालच्या फरशीच्या दुकानात यंत्र सुरू झालं की टेबल थरथरतं आणि बारीक धूळ वर येते. माझेही डोळे चुरचुरतात. तेहतीस अर्थ झाले आणि खोक्याचा तळ दिसत नाही. सेटबाई म्हणाल्या, “पहिल्या वर्षी मला वाटायचं मी शब्द संपवणार.” आणि पुढची चिठ्ठी उचलली.

१२ फेब्रुवारी

डेपोत बाबांची वर्षाची तपासणी होती, ती झाली. घरी येताना कंडक्टरकाकाही बरोबर आले. दोघं शाळा सुटलेल्या पोरांसारखे खूश. काकांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. “मास्तरीणबाई, निम्मं श्रेय तुमचं!” कशाचं ते कळलं नाही. बाबा म्हणाले, “पुरे रे आता,” आणि चहा सांगितला.

इंग्रजी मात्र थांबलं. मी म्हटलं, अक्षरं झाली, आता छोटे शब्द घेऊ. “बघू गं. दमायला होतं.” वाईट वाटलं. इतक्यात हौस फिटली?

२३ फेब्रुवारी

बाबांची बहीण आली होती, आमची आत्या. बाबा तिला दारातून आत घेताना उंबऱ्याला ठेचकाळले आणि कोपराचा धक्का लागून पाण्याचा तांब्या पडला. आत्या म्हणाली, “अण्णांचंही असंच व्हायचं शेवटी शेवटी. दिवस कलला की भिंत चाचपत यायचे. आमच्या घराण्यातच आहे ते.”

आई एकदम म्हणाली, “वन्सं, तुम्ही बसा बरं आधी.”

अण्णा म्हणजे माझे आजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते इतके धांदरट होते हे आजच कळलं. पण ‘घराण्यात असणं’! इंग्रजीत गुण आणि खोडी घराण्यातून ‘धावतात’. आपल्याकडे त्या घराण्यात बसून असतात. मी आत्याच्या देखत चिठ्ठी काढली, तशी ती पदर तोंडाशी धरून हसली. “लिहिते काय? माझं नाव घाल हो.”

८ मार्च

फार दमले आहे. सरांना महिनाअखेर माझ्या शब्दाची नमुन्याची पानं हवी आहेत.

घरातही काहीतरी बिघडलं आहे. मी आले की बोलणं थांबतं. आज जेवताना धाकटीने सांगितलं की वसाहतीतली पोरं म्हणत होती, बाबांची गाडी डेपोच्या फाटकाच्या खांबाला घासली. बाबा जेवत राहिले. मी विचारलं, “बाबा, नुसती घासली की जाऊन धडकली? इंग्रजीत फरक पडतो.”

त्यांनी घास ताटात ठेवला. उठून हात धुतला आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

आई म्हणाली, “जेवताना तरी तुझे शब्द नकोत.”

“मी फक्त विचारलं.”

“हो. तू फक्त विचारलंस.”

मी काय चुकले? ज्या कामासाठी मला शिकवलं तेच करते आहे ना?

१६ मार्च

हे नीट लिहायला हवं.

बस ठरलेल्या मार्गावर ‘धावते’, त्या अर्थाला ऐकलेली वाक्यं कमी होती. म्हटलं बाबांच्याच गाडीत बसावं. त्यांना सांगितलं नाही. मागच्या दाराने चढले आणि गर्दीत उभी राहिले. पहिले काही थांबे मी खरंच लिहीत होते. एक बाई म्हणाली, “ही गाडी रविवारी धावत नाही.” एक माणूस म्हणाला, “आज उशिराच धावतेय.” मला बरं वाटलं.

मग एका थांब्याच्या बरीच पुढे जाऊन गाडी थांबली. उतरणारे ओरडले, “ड्रायव्हरसाहेब, घरी जेवायला नेता का आम्हाला?” सगळे हसले. मी पुढे पाहिलं. काका मागे तिकिटं देत नव्हते. ते बाबांच्या खांद्याशी उभे होते आणि सारखं बोलत होते. मी लहानपणापासून त्यांना बडबडे समजते. आज नीट ऐकलं.

“शाळा आली. पोरं आहेत, तुझ्या उजव्या अंगाला. हं, गेली. पुढे रिक्षा उभी आहे. दिवा लाल. लाल रे. आता हिरवा.”

बाबा मान हलवत होते आणि गाडी चालवत होते.

एका चौकाच्या अलीकडे कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून काकांशी भांडायला लागलं. काका वळले. गाडी लाल दिव्यातून सरळ पुढे गेली. बाजूने कुणीतरी कचकन थांबलं आणि आईवरून शिवी दिली. बाबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. उजवीकडे होता तो.

लाल दिवा न जुमानता जाणं, यालाही इंग्रजीत रनच म्हणतात. तो माझा कप्पा रिकामा होता.

काकांनी वळताना मला पाहिलं. त्यांच्या हातातलं तिकीट तसंच राहिलं.

१७ मार्च

सगळ्यांना माहीत होतं. आईला, धाकटीला, काकांना. उजव्या डोळ्याने जवळजवळ काही दिसत नाही. डाव्याने समोरचं दिसतं, कडेचं नाही, आणि ऊन उतरलं की तेही धूसर. तो कागद म्हणजे डेपोच्या डॉक्टरांच्या भिंतीवरचा तक्ता होता. काकांनी उतरवून आणला आणि मी पाठ करून घेतला. मी. प्रेमाने.

“मला का नाही सांगितलंत?”

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. “तू सरळ डेपोत जाऊन सांगितलं असतंस. तुझं ते खरं आणि खोटं. आम्हाला काय कळत नाही होय? ही खोली डेपोची आहे. नोकरी गेली की खोली गेली. धाकटीची शेवटची परीक्षा होऊ दे, मग ते आपणहून सोडणार आहेत. बोललेत मला.”

“आणि तोवर?”

“तोवर काका आहेत ना.”

“काकांना तिकिटंही फाडायची असतात, आई.”

तिने एकाच शर्टाची दोनदा घडी घातली.

धाकटी दारात उभी होती. “रोज बोलत होते ते, ताई. तुझ्यासमोरच बोलत होते. तू तर लिहूनही घेत होतीस.”

२२ मार्च

दोनदा डेपोच्या फाटकापर्यंत गेले. आत व्यवस्थापक बसतात. काय सांगायचं तेही मनात तयार होतं. दोन्ही वेळा तिथूनच परत फिरले. पहिल्यांदा फाटकाच्या खांबावर निळ्या रंगाचा ओरखडा दिसला, बाबांच्या गाडीचा. दुसऱ्यांदा काहीच दिसलं नाही, तरी फिरले.

तिसऱ्यांदा मी बाबांच्या गाडीतच चढले. या वेळी पुढच्या दाराने.

“आलीस?” त्यांनी समोर बघतच विचारलं.

“हो.”

“मग इथे बस. पुढे.”

आता मी रोज दुपारनंतर पुढच्या बाकावर बसते. काकांना तिकिटं देता येतात. मी हळू आवाजात सांगत राहते: सायकल, खड्डा, दिवा, बाई आणि पोर. लोकांना वाटतं, मुलगी बापाशी गप्पा मारते आहे. एक आजी तर म्हणाल्या, “किती जीव आहे गं तुझा वडिलांवर.”

आज मी अगदी वेळेवर “लाल” म्हटलं आणि गाडी झोकात थांबली. बाबा म्हणाले, “शाब्बास.” मला आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. मग पुढचा चौक आला.

सरांना सांगितलं आहे की वाक्यं गोळा करायला बाहेर असते. ते “बरं” म्हणाले. सेटबाईंनी मात्र निरखून पाहिलं. “रन, तब्येत बरी आहे ना?” या हाकेची पहिल्यांदाच चीड आली.

२६ मार्च

वळणावर बाजार लागतो तिथे. दिवा हिरवा होता. मी “हिरवा” म्हटलं. मी दिव्याकडेच बघत होते.

मागच्या बाकावरची बाई किंचाळली. मग मी किंचाळले. बाबांनी ब्रेक असा दाबला की उभी माणसं एकमेकांवर पडली. काहीतरी टक्कन वाजलं.

ती काठी होती. एक म्हातारे गृहस्थ गाडीच्या नाकापुढे रस्त्यावर बसले होते. पडले नव्हते, बसले होते, पाय मोडल्यासारखे. लोकांनी त्यांना उचललं. पाय धड होते. ते काठी मागत होते. काठी चाकाखाली होती.

बाबांनी हात स्टीअरिंगवरून काढले नाहीत. हळूच विचारलं, “कोण होतं गं?”

मी ही वही जवळजवळ तीन महिने लिहिते आहे. यातलं ऐकलेलं एकही वाक्य या वाक्यासारखं नाही.

“एक आजोबा, बाबा. लागलं नाही त्यांना. काठी मोडली.”

“कुठून आले?”

“उजवीकडून.”

“हं.”

त्यांनी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि काकांच्या हातात दिली. “डेपोला फोन कर. दुसरा माणूस पाठव म्हणावं.” लोक शिव्या देत उतरले. काका त्या गृहस्थांना सावलीत घेऊन गेले. रिकाम्या गाडीत आम्ही दोघंच राहिलो.

“मी दिव्याकडे बघत होते,” मी म्हटलं. “रस्त्याकडे नाही.”

“दिवा बरोबर सांगितलास ना?”

“हो.”

“मग तुझं काम तू केलंस. रस्त्याकडे बघायचं काम माझं असतं.” जरा वेळाने म्हणाले, “उद्या मला अर्ज लिहून दे. तुझं अक्षर चांगलं आहे.”

२७ मार्च

सकाळी अर्ज लिहिला. मी सुरुवात केली: ‘दृष्टिदोषामुळे सदर कर्तव्य बजावण्यास मी असमर्थ असल्याने...’

“हे कोण बोलतंय?” बाबांनी विचारलं.

“अर्जात असंच लिहितात.”

“तुमच्या सरांना चालेल का? मी असं कधी बोललोय?”

मी कागद बदलला. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. ‘मला उजव्या डोळ्याने दिसत नाही. डाव्याने कमी दिसतं. मी गाडी चालवू नये. तपासणीच्या वेळी मी अक्षरं पाठ करून गेलो होतो.’

“कुणी शिकवली, तेही लिहू?”

“नको. कागद कुणी आणला, तेही नको. माझी अक्षरं, मी पाठ केली.”

त्यांनी सही केली. ओळीच्या जरा वर गेली. आई चहा घेऊन आली आणि सहीकडे बघत उभी राहिली. बाबा तिला म्हणाले, “परीक्षेपर्यंत थांबलो असतो गं. पण तो माणूस थांबणारा नव्हता.”

आई म्हणाली, “चहा घ्या. निवेल.”

डेपोत ते एकटेच गेले. मी बरोबर येते म्हटलं, तर म्हणाले, “चालत जायचंय. चालता येतं मला.”

५ एप्रिल

चौकशी बसली आहे. काकांना दुसऱ्या गाडीवर घातलं. धाकटीची परीक्षा होईपर्यंत खोलीत राहू देणार आहेत, त्यानंतर नाही. आई लॉन्ड्रीच्या मागच्या गल्लीत खोल्या बघून येते आणि एकाच शब्दात सांगते. “अंधारी.” “वरची.” “नको.”

बाबांचे दिवसभर हात रिकामे असतात. काल त्यांनी घरातल्या सगळ्या कड्या-कोयंड्यांना तेल घातलं. आज ते पुसून काढलं.

नेत्रतज्ज्ञांकडे आम्ही दोघं गेलो. काचबिंदू आहे, बराच पुढे गेलेला. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी टिकवता येईल. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, “मुलं किती?”

“दोन मुली.”

“दोघींना घेऊन या. हे रक्तातून पुढे येतं. लवकर कळलं तर अडवता येतं.”

येताना बाबांनी माझा दंड धरला होता. पायरी आली की मी सांगत होते. ते एकदाच बोलले. “तुझे डोळे चुरचुरतात म्हणत होतीस ना?”

“ती धूळ, बाबा. फरशीच्या दुकानाची.”

“हं.”

आम्हा दोघींना पुढच्या सोमवारची वेळ मिळाली आहे.

९ एप्रिल

नमुन्याची पानं उशिरा का होईना, दिली. सरांनी सगळी बसून वाचली. मी समोर उभी होते. त्यांनी एकही शेरा मारला नाही, हे आमच्या कचेरीत घडत नाही.

“वाक्यं फार खरी आहेत. कुणाची?”

“घरची, सर. बरीचशी वडिलांची.”

“त्यांना विचारलंत?”

“नाही, सर.”

“विचारा,” ते म्हणाले आणि पानं मला परत दिली. “ते नाही म्हणाले तर काढा. घोडा घाला हवं तर.”

सेटबाईंनी न मागता चहा सांगितला. साखरेचा.

११ एप्रिल

आज सकाळी मी खोकं घरी आणलं. बाबा खिडकीत बसले होते. मी म्हटलं, “तुम्ही बोललेलं आहे यात. वाचून दाखवते. जे नको वाटेल ते काढू.”

“माझं? पुस्तकात?” ते सावरून बसले.

मी एकेक चिठ्ठी वाचत गेले. आधी इंग्रजी, मग मराठी. डोळ्यांतून सारखं पाणी वाहतंय. अक्षरं एकमेकांत शिरतात. ही गाडी रविवारी धावत नाही (हे बसमधल्या बाईचं). घर चालवायचं म्हणजे तोंडाच्या गप्पा नाहीत (हे आईचं). धाकटी अभ्यास टाकून दाराशी आली. बाबा डोळे मिटून ऐकत होते, अक्षरं पाठ करताना मिटायचे तसेच.

“अक्षरांच्या पुढे मी आणखी काहीतरी म्हटलं होतं.”

“ते गाळलं, बाबा.”

“का? ऐकलेलंच घालायचं ना?” धाकटी हसली. कितीतरी दिवसांनी या खोलीत कुणी हसलं.

लाल दिव्याची चिठ्ठी मी खाली सरकवली. त्यांच्या ते लक्षात आलं. “ती वाच.” मी वाचली. सांगितलं की हे कुणी बोललं नाही, मी पाहिलं.

“राहू दे. नाव नाही ना कुणाचं?”

“नाही.”

“मग राहू दे. पोरांना कळू दे, याला काय म्हणतात.”

सगळं राहिलं. एकही वाक्य त्यांनी काढायला सांगितलं नाही. मला हलकं वाटत होतं. शेवटच्या कप्प्यात एकच चिठ्ठी होती, आत्याची. मी नेहमीच्या आवाजात वाचून टाकली. आमच्या घराण्यातच आहे ते.

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग मान बरीच वळवून दारातल्या धाकटीकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे.

“हे नको.”

“पण बाबा, हे चांगलं वाक्य आहे. या अर्थाला माझ्याकडे दुसरं नाहीच.”

“असू दे. आण इकडे.”

मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फाडली नाही. चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवली, जिथे तो अक्षरांचा कागद असायचा.

“सोमवारनंतर बघू,” ते म्हणाले.